नळीवर उमटलेलं गाव

"बाई, शेवंतीचो केस लांबलो!"

गुणाजी वर्गाच्या दारातून इतक्या जोरात ओरडला की फळ्यावर मी काढत असलेल्या त्रिकोणाची तिसरी बाजू थेट खिडकीपर्यंत गेली.

"किती लांबला?"

"काटो तांबड्या रेघेच्या खाली गेलो!"

अख्खी नववी उठून प्रयोगशाळेकडे धावली. सगळ्यांत पुढे शेवंती गावडे. केस तिचा होता, म्हणून नव्हे. ज्या कपाटात तो केस टांगला होता त्याच कपाटात तिची रायफल होती.

हे सगळं नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही कसली शाळा.

करवडे गाव घाटमाथ्यावर आहे. पावसाळ्यात तिथे ढग खिडकीतून वर्गात येतो, मागच्या बाकावर बसतो आणि शाळा सुटली तरी उठत नाही. बरणीतलं मीठ पाझरतं, काडेपेटीच्या काड्या ओढल्या तर नुसत्या मऊ होतात, पापड तळायच्या आधीच लवतो. मी मूळची मालवणची, समुद्राकाठची. गंजाशी माझी लहानपणापासूनची ओळख. पण करवड्यातला गंज पाहिला आणि कळलं, मालवणचा गंज बापडा सभ्य होता.

अशा या गावच्या शाळेला जिल्ह्याच्या नेमबाजी संघाने चार एअर रायफली वापरायला दिल्या. छर्‍यांच्या, स्पर्धेच्या. का दिल्या, तर संघाचे चिटणीस सुभेदार राणे एकदा घाटातून जाताना गाडी बंद पडून आमच्या शाळेत दोन तास बसले होते आणि आमच्या मुली दगडाने चिंचा पाडत होत्या, ते त्यांनी पाहिलं. "एकही दगड फुकट जात नाही," असं म्हणून गेले आणि महिन्याभरात रायफली आल्या. नेमबाजीचं काम, विज्ञान शिकवते म्हणून, माझ्याकडे.

पहिल्या पावसाळ्यात मुलींनी रायफलींवर माया केली. घरच्या जुन्या गोधड्या कापून त्यांना अंगरखे शिवले, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळला, सुतळीने बांधलं आणि कपाटात निजवलं. दसरा झाल्यावर राणे तपासायला आले. त्यांनी पहिली रायफल उचलली आणि गोधडीवरची सुतळी चाचपली.

"मिराशी बाई, या रायफली आहेत की बाळंतिणी?"

मुली हसल्या. गोधडी सोडल्यावर मात्र कोणी हसलं नाही. गोधडीने ढगातला सगळा ओलावा पिऊन घेतला होता आणि प्लास्टिकने तो आत कोंडून ठेवला होता. निळसर काळ्या नळ्या हरभऱ्याच्या डाळीसारख्या पिवळ्या-तांबूस झाल्या होत्या.

राण्यांनी आवाज चढवला नाही. रायफली नेऊन साफ करून आणल्या आणि म्हणाले, "पुढच्या दसऱ्यानंतर मी पुन्हा येईन. गंजाचा एक ठिपका दिसला तरी चारही परत. दुसरी एक शाळा मागते आहे, तिथे ऊन असतं."

"ऊन काय आमच्या हातात आहे सर?" गुणाजी म्हणाला.

"ऊन नाही. कपाट आहे."

हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं नाही, पण त्या वर्षीचं माझं सगळं विज्ञान त्याच वाक्यावर चाललं.

आम्ही काचेच्या बरण्या घेतल्या. प्रत्येकीत एक नवा कोरा चकचकीत खिळा. एकीत सोबतीला कोरडे तांदूळ, एकीत कोळसा, एकीत मीठ, एकीत माझा भाऊ औषधाच्या कारखान्यात होता त्याने पाठवलेले निळे दाणे. एका बरणीत नुसताच खिळा, एकटा. झाकणं लावली आणि मी विचारलं, "कोण हरणार?"

"एकटो तो," सगळे म्हणाले.

"आणि जिंकणार कोण?"

"मीठ!" गुणाजी म्हणाला. "मीठ पाणी वढून घेता. आमच्या घरी मासे मिठातच सुकवतत."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मुलांना उत्तर सांगण्याची घाई केली की ती उत्तर लक्षात ठेवतात आणि प्रश्न विसरतात. आठवड्याने गुणाजीने स्वतःच बरणी उघडली. मिठातला खिळा एकट्यापेक्षाही वाईट गंजला होता.

"ह्यां कसां झालां?" त्याला खिळ्याने दगा दिल्यासारखं वाटत होतं. "पाणी मिठान वढल्यान ना?"

"ओढलं. आणि ठेवलं कुठे?"

त्याने खिळा बोटांत फिरवून पाहिला. मग म्हणाला, "खिळ्याच्या अंगार."

"अंगावरच. झालं तर मग. आता सांगा, आपल्या शरीरातून मीठ कुठून बाहेर येतं?"

"डोळ्यातून," एक मुलगी म्हणाली. ती त्या दिवशी तिमाहीचे गुण घेऊन आली होती.

"आणखी?"

"घामातून!" शेवंती म्हणाली. आणि पुढचं मी न विचारता तिने सांगितलं, "म्हणजे हाताचा घाम लोखंडाला लागला तर तिथेच गंज धरणार. बोट लागलं तर बोटाएवढा."

त्या दिवसापासून नियम झाला. रायफल लाकडाला धरायची. नळीला हात लागलाच तर तेलाच्या फडक्याने लगेच पुसायची. शेवंतीच्या स्कर्टच्या खिशात ते फडकं कायम असायचं. तिच्या आईने एकदा माझ्याकडे तक्रार केली की पोरीच्या कपड्यांना शिवणयंत्राचा वास येतो.

निळे दाणे जिंकले. ओलावा प्यायले की गुलाबी होत, मग मी ते लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायची, की पुन्हा निळे. दाण्यांच्या पसरट थाळ्या कपाटाच्या तळाशी ठेवल्या, दाराच्या फटींना कापडाची पट्टी लावली, वीज असेल तेव्हा आत एक बारका दिवा. आणि ओलावा किती आहे ते कळायला काय? तर केस. माणसाचा केस ओल्या हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. केस वरच्या खिळ्याला बांधायचा, खाली त्याला हलकी काडी जोडायची, काडीमागे पुठ्ठा. गुणाजीचे केस लष्करी, बोटभर. माझे तेलात मुरलेले. शेवंतीचा केस गुडघ्यापर्यंत. साबणाने धुऊन तो कपाटात टांगला आणि काचेतून दिसेल असा पुठ्ठ्यावर काटा केला. तांबड्या रेघेच्या वर कोरडं, खाली ओलं.

आता तुम्ही सुरुवातीच्या त्या धावपळीत पुन्हा या.

मी कपाट उघडलं. दाणे निळे होते. फटींच्या पट्ट्या जागेवर. दिवा चालू. मग काटा खाली का? शेवंती वाकून आत बघत होती. तिने मागच्या कोपऱ्यातून दोन बोटांत धरून एक वस्तू बाहेर काढली. लोकरीची टोपी. पिळली असती तर पेलाभर पाणी निघालं असतं.

"ही कोणाची?"

सगळे गुणाजीकडे बघायला लागले.

"बाई, बाहेर खयच काय सुकत नाय," तो म्हणाला. "कपाटात कोरडां आसा ना, म्हणून वाळत घातलंय."

शेवंतीने ती टोपी त्याच्या डोक्यावर घातली आणि खाली ओढली, पार नाकापर्यंत. मी तिला रागावले नाही.

तिला राग येण्याचं कारण होतं. श्रावणात सावंतवाडीला झालेल्या जिल्हा स्पर्धेत ती पहिली आली होती. दिवाळीनंतर कोल्हापूरला विभागाची स्पर्धा होती. रायफल गेली असती तर सराव गेला असता आणि स्पर्धाही. ही एक भिंत. दुसरी भिंत तिच्या घरात होती आणि ती जास्त जाड होती.

शेवंतीचे वडील मुंबईला गोदीत कामाला. घरात शब्द चालायचा तो तिच्या आजोबांचा. तातू गावडे. गावचे मानकरी, देवळातल्या प्रत्येक कार्यात पहिला हात त्यांचा. कोल्हापूरचं विचारायला मी त्यांच्या अंगणात गेले तेव्हा ते कोयता परजत होते.

"सावंतवाडी झाली. तितक्या पुरे," ते म्हणाले.

"तिथली पहिली आली म्हणून तर कोल्हापूरला बोलावलंय, तातूनू."

"बोलवतले. बोलवक काय जाता? चेडवाच्या जातीन बंदूक घेवन परमुलखात फिरूचां? लोक काय म्हणतले?"

"मुलगी एकटी नसेल, मी सोबत असेन."

"तुमी आसशात. पण तुमका तरी सोबत कोण?"

आतल्या दाराच्या चौकटीला टेकून शेवंती उभी होती. आजोबा तिच्याकडे बघत नव्हते आणि ती आजोबांशिवाय कशाकडेच बघत नव्हती. त्यानंतर त्या घरात कोल्हापूर हा शब्द कोणी काढला नाही. शेवंती मात्र रोज मधल्या सुट्टीत सराव करत राहिली. तिच्या मनात काय होतं मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

पावसाळा सरत आला. केस आखडलेला, काटा वर, नळ्या काळ्याभोर. आम्ही जिंकत होतो. आणि नवरात्र बसलं.

अष्टमीच्या दिवशी तातू गावडे स्वतः शाळेत आले. मागे चार-पाच माणसं.

"बाईनू, उद्या खंडेनवमी. बंदुकांची पूजा करूक व्हयी."

पूजा म्हणजे पाण्याचा शिडकावा, ओलं हळदकुंकू, झेंडूचे दंवाने भिजलेले हार, नारळ. राणे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायचे होते.

"तातूनू, कोयत्या-कुदळींची होतेच ना पूजा?"

"गावात चार बंदुकी आसत आणि पूजा नुसती कोयत्याची? बरां दिसता काय ता?"

"अहो पण पाणी लागलं तर गंज…"

"शस्तराक गंज लागता तो पूजा नाय केली म्हणून!" मागून एकजण म्हणाला.

मी मुलांकडे पाहिलं. मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मग गुणाजी पुढे झाला. टोपीच्या प्रकरणानंतर त्याला काहीतरी फेडायचं होतं बहुतेक.

"पूजा करा तातूनू. पण अटी आसत."

"अटी? देवाक?"

"देवाक नाय, तुमका."

तातू हसतील असं मला वाटलं नव्हतं. ते हसले. आणि पुढचा अर्धा तास गावचा मानकरी आणि नववीचा वर्ग यांच्यात जे चाललं तसं काही मी नंतर पाहिलं नाही. रायफली कपाटाबाहेर येणार नाहीत. मान्य. पाणी शिंपडायचं नाही. मग शुद्धी कशी? उदबत्तीने. बरं. हार कपाटाच्या दाराला बाहेरून, आत एकही फूल नाही. बरं. नारळ पायरीवर फोडायचा. हळदकुंकू कोरडं, तेही लाकडाला. अक्षता कोरड्या.

"आणि माणसा?" तातूंनी विचारलं. "माणसा तरी ओली चालतीत का तीव वाळवून आणू?"

"तुम्ही छत्री बाहेर ठेवा म्हणजे झालं," शेवंती म्हणाली. त्या भांडणात ती आजोबांशी बोलली ती एवढंच.

नवमीला गाव आलं. प्रयोगशाळेच्या दारात गुणाजी उभा, प्रत्येकाची पिशवी बघून मगच आत सोडत होता. कोणा म्हातारीच्या हातात तांब्या दिसला की "पाणी भायेर!" कोणी ओलं फूल आणलं की "फूल भायेर!" मी पायरीवर नारळांची राखण करत होते. एका काकूने पदराखाली झेंडू लपवून आत नेला, तो दोन मुलींनी धरून आणला. कपाटाच्या काचेशी एक मुलगा काट्यावर नजर ठेवून उभा होता आणि मधूनमधून सांगत होता, "वर आसा… अजून वर आसा…" क्रिकेटचं समालोचन चालावं तसं.

पूजा झाली. रांग लागली. तातू सगळ्यांत पुढे. मी नारळाच्या गडबडीतून आत डोकावले तेव्हा शेवंती कपाटाच्या उघड्या दाराशी उभी होती, हातात ते फडकं, आणि गाव तिच्यासमोरून पुढे सरकत होतं. शेवटी मीही आत गेले, नमस्कार केला. दार लावलं. काटा थोडा खाली आला होता, तासाभरात पुन्हा वर चढला. मुलांनी टाळ्या पिटल्या.

पूजा मांडली की दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. कपाट बंद राहिलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते उघडलं. राण्यांची बस दुपारची होती.

आधी कोणालाच काही समजलं नाही. नळ्यांवर तांबूस ठिपके होते. पाण्याचे असतात तसे ओघळ नव्हेत, धुक्याची असते तशी पसरट बुरशीही नव्हे. छोटे, गोल, लांबट, ओळीने. गुणाजीने नाक जवळ नेलं.

"बाई, ह्येच्यार रेषा आसत."

मी चष्मा लावला. रेषा होत्या. बारीक, वळणदार, एकात एक गोल. बोटांचे ठसे.

मग माझ्या डोळ्यांसमोर ती रांग आली. पाणी आम्ही अडवलं, फुलं अडवली, नारळ अडवले. आणि देवापुढे माणूस जे करतो, ते कोणाला दिसलंसुद्धा नाही. शस्त्राला हात लावायचा आणि तो हात कपाळाला. प्रत्येकाने लावला होता. प्रसादाचा हात, घामाचा हात, डोंगर चढून आलेला हात. मला मिठातला खिळा आठवला.

"हो माझो मामा!" एक मुलगी एकदम म्हणाली. "त्याचं बोट अर्धां आसा ना, यंत्रात गेललां. ह्यां बघा, अर्धां!"

झालं. राण्यांची बस विसरून मुलं नळ्यांवर गाव शोधायला लागली. हा बारका कोणाचा? बाळ्याचा, त्याला आईने उचलून लावायला लावला होता. हा केवढा मोठा! सुताराचा. हा वाकडा? आणि दुसऱ्या रायफलीवर एक जाड, तेलकट कडा असलेला ठसा होता, तो कोणाचा ते मुलं ओळखायच्या आधी मी ओळखला आणि गप्प राहिले.

"बाई, हो तुमचो!" गुणाजी म्हणाला. त्याच्यापासून काही लपत नाही.

"चला, तेल आणा," मी म्हटलं.

सुती फडकी, तेल आणि हळू हात. घाई करायची नाही, खरवडायचं नाही, तेल मुरू द्यायचं, मग गोल गोल. दोन दिवसांचा गंज, वरवरचा. बाळ्या गेला, सुतार गेला, मामाचं अर्धं बोट गेलं, मीही गेले. शेवंतीच्या रायफलीवर सगळ्यांत जास्त ठसे होते. गावाला तिची रायफल ठाऊक होती, तिच्यावर जरा जास्तच हात पडले होते. तेही गेले. एक मात्र जाईना. नळीच्या मधोमध, रुंद अंगठा, मधून आडवा कापलेला. इतरांनी बोट टेकवून उचललं होतं. हा अंगठा बराच वेळ तिथे दाबून धरलेला असावा. गंज निघाला, पण त्याखालचा काळा मुलामाही निघाला आणि अंगठा पांढरट होऊन तसाच राहिला.

"हो…" गुणाजीने सुरुवात केली.

"माझो आजो," शेवंती म्हणाली. ती अख्खी सकाळ एवढंच बोलली.

राणे आले. त्यांनी पहिली रायफल घेतली, नळीतून चिंधी ओढली, चिंधी उजेडात धरली. पांढरी. दुसरी, तिसरी, तशीच. चौथी घेतली आणि त्यांचा हात थांबला.

"हे काय?"

सगळी मुलं एकदम बोलायला लागली. खंडेनवमी, उदबत्ती, मीठ, खिळा, केस, काकूचा झेंडू. राण्यांनी हात वर केला.

"एकाने बोला. ही रायफल कोण वापरतं?"

शेवंती पुढे झाली.

"नळीला उघडा हात लावायचा नाही, हे तुला माहीत होतं?"

"होतं सर."

"अंगठा लावला तेव्हा तू कुठे होतीस?"

"इथेच. कपाटाजवळ."

"दिसलं नाही?"

"दिसलं."

मी तिच्याकडे बघितलं. त्या सगळ्या गर्दीत, जिथे मी, गुणाजी, काट्यावरचा तो मुलगा, कोणालाच काही दिसलं नव्हतं, तिथे हिला दिसलं होतं.

"मग अडवलं का नाहीस? हातात फडकं होतं म्हणतात ही मुलं."

शेवंती खाली बघत होती. शाळेतली शुद्ध भाषा तिला पुढे पुरली नाही.

"आजो माका कोल्हापूरला धाडूक तयार नव्हतो. बंदुकीकडे कधी बघीत पण नसे. त्या दिशी तो पयलो इलो. त्येनां माझ्या बंदुकीर हात ठेवल्यान. ठेवल्यान तो काढीच नाय. मगे माका विचारल्यान, ही तुझी? मी हो म्हटलंय. मगे हात कपाळाक लावल्यान आणि म्हणालो, जा. गुलाल घेवन ये." ती थांबली. "तेव्हा मी त्याचो हात काढूक सांगलंय असतंय, तर तो 'जा' म्हणालो असतो काय सर? आणि तो लावता म्हटल्यार मागच्या लोकांका कसां अडवतलंय?"

कपाटातला दिवा मधूनमधून फडफडत होता, आमच्याकडे वीज होती याचा तो पुरावा.

"म्हणजे तू चारही रायफली पणाला लावल्यास," राणे म्हणाले.

"होय सर."

राण्यांनी ती रायफल खिडकीपाशी नेली. अंगठा उजेडात धरला. आडवा कोयत्याचा वार, त्याच्या दोन्ही बाजूंना रेषा.

"ही रायफल परत जाणार," ते म्हणाले.

शेवंतीने मान हलवली. मुलींपैकी कोणीतरी नाक ओढलं.

"बाकीच्या तिन्ही स्वच्छ आहेत. त्या राहतील."

"पण सर," गुणाजी म्हणाला, "तुम्ही म्हणाला होता एक ठिपको दिसलो तरी चारही…" आणि मग मागून त्याच्या पोटरीवर कोणाची तरी लाथ बसली म्हणून तो थांबला.

"ठिपका म्हणालो होतो," राणे म्हणाले. "हा ठिपका आहे का?"

"नाय सर," सगळा वर्ग म्हणाला.

"मग वाद नको. ही परत. जिच्या देखत डाग पडला तिनेच स्वतः मला आणून द्यायची, दुसऱ्या कोणी नाही. पण मी आता दौऱ्यावर आहे. दिवाळीनंतर थेट कोल्हापूरला भेटेन, स्पर्धेच्या ठिकाणी. तिथे आणून दे."

कोणालाही लगेच उलगडा झाला नाही. सगळ्यांत आधी झाला तो गुणाजीला.

"सर, ती नेम मारून मगे देतली की आधीच?"

"तेवढी सवड तिला देऊ या," राणे म्हणाले आणि चिंधी घडी करून खिशात ठेवली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "बाई, तो केस कसा बांधलाय, जरा दाखवता? आमच्या गोदामात फार हाल आहेत."

गुणाजीने त्याच संध्याकाळी तातू गावड्यांना जाऊन सांगितलं की तुमच्या अंगठ्याने बंदूक गंजली. तातूंना आधी राग आला. "माझ्या हाताक गंज?" मग ते शाळेत आले, अंगठा नळीवरच्या अंगठ्याशेजारी धरून पाहिला, स्पर्श न करता, आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सराव बघायला पुन्हा आले. येताना हौदावर हात साबणाने धुऊन आले आणि धुतलेले हात सगळ्यांना दाखवले. मग रोजच यायला लागले.

कोल्हापूरला शेवंतीचा नंबर चौथा आला. तीनच जणी पुढे जाणार होत्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव त्यात अडकायला नको. मला त्या दिवसातलं आठवतं ते स्पर्धा सुरू होण्याआधीचं.

दिवाणखान्यासारख्या मोठ्या दालनात लांब टेबल होतं. तिथे प्रत्येकीची रायफल तपासून घेत होते. दोरीच्या अलीकडे आम्ही दोघं, मी आणि तातू. बाईंना सोबत कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला होता. अंगात लग्नातला काळा कोट, डोक्यावर टोपी. बसमधून उतरल्यापासून ते एकाही माणसाशी बोलले नव्हते.

शेवंतीचा नंबर आला. तिने रायफल टेबलावर ठेवली. तपासणारा तरुण नुकताच वडापाव खाऊन आला होता, कागद तिथेच पडला होता. त्याने रायफल उचलायला हात पुढे केला, सरळ नळीकडे.

"ओ सायबानू!"

अख्खं दालन वळलं. तातू दोरीवर ओणवे झाले होते.

"आधी हात पुसा!"

तो तरुण गोंधळला. त्याने राण्यांकडे पाहिलं, राणे छताकडे बघत होते. शेवंतीने मान खाली घातली होती, पण तिचे खांदे हलत होते. शेवटी बिचाऱ्याने मुकाट्याने हात विजारीला पुसले.

"विजारीक नाय," तातू म्हणाले, आणि कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेलं, तेलात भिजलेलं फडकं काढून त्यांनी दोरीवरून त्याच्यासमोर धरलं.